पहिली टॅब सुकरीची

१

कम्प्युटर बिघडला म्हणून फोन येतो, तेव्हा दहातल्या आठ वेळा कम्प्युटर बिघडलेला नसतोच. वायर निघालेली असते, नाहीतर उंदराने कुरतडलेली असते, नाहीतर कोण्या शहाण्याने नको ते बटण दाबलेलं असतं. कुरखेड्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं हेच करतो आहे, त्यामुळे माणसांवर माझा विश्वास कमी आणि मशीनवर जास्त. मशीन उगाच काही करत नाही, हे माझं ठाम मत होतं. गेल्या ऑगस्टपर्यंत तरी होतं.

त्या दिवशी कोहकाटोल्याहून पवनचा फोन आला. पवन तिथल्या ग्रामसभेचा सचिव. तिशीतला, सरळ माणूस. टोल्यात मोबाइलला नेटवर्क नाही, म्हणून फोन करायचा तर टेकडीवरच्या चिंचेखाली जाऊन उभं राहावं लागतं. पावसाच्या आवाजात तो ओरडूनच बोलत होता.

"श्रीहरीभाऊ, ब्राउझर खुलून नाई राह्यला जी. कोणतीच साइट लागत नाई. अन् आमच्या टोल्यातल्या दिव्यानीची नर्सिंगची यादी आज लागली. नाव हाये तिचं. उद्या पाचपर्यंत सीट पक्की करा लागते."

"मग?"

"मंग मी म्हणलं, सकाळी तिले तुमच्या दुकानात धाडून देतो. तुमी तिथंच भरून द्या."

इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, पोरीला पावसात कशाला हिंडवता, तासाभराचं काम आहे, मीच येतो, मशीनही होईल आणि फॉर्मही होईल. टोल्यात कधी गेलो नव्हतो, पण शाई-कागद माझ्याकडूनच नेणारी जुनी गिऱ्हाइकी, जरा मोठेपणा दाखवावा म्हटलं. हे मी मुद्दाम आधीच सांगतो, कारण पुढे जे काही पणाला लागलं ते माझ्या या मोठेपणामुळे लागलं.

२

सकाळी दहाला पोचलो. वाटेत नाल्यावरचा बुटका पूल, म्हणजे रपटा लागतो, त्यावरून चाकाच्या तारा भिजतील इतकं पाणी वाहत होतं. गाडी ढकलत काढली.

ग्रामसभेची खोली म्हणजे चार भिंती, वर टिन. एका भिंतीला गावच्या जंगलाचा नकाशा, कोपऱ्यात तेंदूपत्त्याची रिकामी पोती, खिडकीजवळ टेबल आणि टेबलावर तो कम्प्युटर. मागे पोट आलेला जुना डब्बा मॉनिटर, शेजारी स्कॅन आणि प्रिंट दोन्ही करणारं मशीन. कीबोर्डवर कोणीतरी एकेकाळी मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले होते, बारीक कात्रीने कापलेले. अर्धे झिजून गेले होते. एक म्हातारी बाई झाडू मारत होती. पवन म्हणाला, ही कलाबाई, खोलीची किल्ली हिच्याकडेच असते, रोज सकाळी कम्प्युटरही हीच चालू करते.

आजार मला मिनिटात समजला. मशीनची तारीख मागे गेलेली. तारीख चुकली की ब्राउझरला वाटतं सगळ्या साइटी खोट्या आहेत, आणि तो दार लावून बसतो. जुन्या मशीनच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. लाइट गेली तरी घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो मेला की असं होतं.

तारीख होती बुधवार, ९ जुलै २०१४.

"हे असं किती दिवसांपासून?"

"तारीख तं नेहमीच अशी येते जी," पवन म्हणाला. "आमी सुधरवून घेतो. पण परवापासून सुधरवली तरी चालत नाई."

मी सेल बदलला, मशीन पुन्हा सुरू केलं. बुधवार, ९ जुलै २०१४. सेल काढला, पट्टी घासली, पुन्हा बसवला. बुधवार, ९ जुलै २०१४. सेल गेला की मशीन आपल्या जन्मतारखेवर जातं, कंपनीत बनलं त्या वर्षावर. हे मशीन २०१०चं होतं, आतल्या बोर्डावर लिहिलेलं होतं. मग २०१४ कुठून काढलं यानं? असेल काहीतरी, म्हणून मी तारीख हाताने बदलली आणि पुढे सरकलो. मेकॅनिक माणूस प्रत्येक गोष्टीचं कारण शोधत बसला तर त्याचं दुकान चालायचं नाही.

३

ब्राउझर उघडला. साइटी लागत होत्या, पण मुंगीच्या चालीने. आणि उघडल्या उघडल्या दोन टॅब आल्या. दुसरी साधी होती. पहिली कोरी, वर पत्ता नाही, नुसतं लोड होण्याचं चक्र गरगर फिरतंय. नेटची वायर काढून पाहिली तरी ते फिरतंच.

"ही काय भानगड आहे?" म्हणत मी ती बंद केली.

"थे नोका बंद करू," पवन म्हणाला, पण तोवर झालं होतं.

"काऊन?"

तो कलाबाईकडे पाहायला लागला. ती झाडू हातात धरून उभी होती, नजर माझ्यावर नाही, पडद्यावर. मग झाडू टेकवून बाहेर ओसरीत जाऊन बसली.

"आमी ते तशीच ठेवतो," पवन म्हणाला. "काम दुसरीत करतो."

मला हसू आलं. या मशीनला मेमरी दोन जीबी, त्यात एक टॅब फुकटची चक्र फिरवत बसणार, आणि वर म्हणायचं ब्राउझर चालत नाही. मी त्याला झाडलं. मग रीतीप्रमाणे सगळं साफ केलं, जुनी हिस्टरी, साठलेला कचरा, सगळं. आधीच्या टॅब आपोआप उघडायची सोयही बंद करून टाकली. म्हटलं, बघ आता कसं पळतं.

तेवढ्यात दिव्यानी आली. अठरा वर्षांची, सडपातळ पोरगी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल छातीशी धरलेली. पुस्तकात तोंड घालून बसणाऱ्या पोरी असतात ना, त्यातली. मला म्हणाली, "काका, होऊन जाईन ना?" मी म्हटलं, "अर्ध्या तासात."

ती आनंदानं सांगायला लागली की तिने मोबाइल टेकडीवरच्या चिंचेला पिशवीत टांगून ठेवलाय, कारण शेवटी ओटीपी येतो तो तिथेच येईल. आणि बोलता बोलता म्हणाली, "रपट्यावरून पाणी चाललंय, आता कोणी येऊ-जाऊ नाई शकत." म्हणजे तिला दुकानात न्यायची वाटही बंद. पण अर्ध्या तासाचंच तर काम होतं.

४

साइट लागली. फॉर्म उघडला. मी नावाच्या चौकटीत इंग्रजीत दिव्यानी लिहिलं आणि पुढच्या चौकटीत गेलो. वर पाहतो तर नाव नाही.

पुन्हा लिहिलं. या वेळी नजर ठेवली. शेवटचं अक्षर गेलं. मग त्याच्या आधीचं. मग त्याच्या आधीचं. एकेक, सावकाश. मध्येच थोडं थांबलं, कोणीतरी विचार करतंय असं, आणि मग उरलेली दोन अक्षरं पटापट गेली.

खोडायचं बटण अडकलं असेल तर अक्षरं सपकन एका दमात जातात. हे तसं नव्हतं. मी रोज शंभर लोकांना टाइप करताना पाहतो. माणूस असा खोडतो.

तरी मी दोष बटणालाच दिला. कीबोर्ड उलटा करून झटकला, भाताची दोन शितं आणि एक मुंगळा पडला. मग वायरच काढून टाकली आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. माझ्या पिशवीतला नवा कीबोर्ड लावला. लिहिलं. वाट पाहिली.

अक्षरं खोडली गेली. आणि या वेळी खट खट असा आवाजही आला. नव्या कीबोर्डचं बटण दबताना आवाज करत नाही.

"टिनावर पाणी टपकून राह्यलं," मी मोठ्यानं म्हटलं. कोणी विचारलं नव्हतं.

पवन आणि दिव्यानी दोघंही खिडकीकडे बघत होते. मी बघितलं नाही. मला म्हातारपणी घाबरट म्हणवून घ्यायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मान वळवायची हिंमत होत नव्हती.

५

माझं एक औषध असतं. काहीच चाललं नाही की जुनं उपटून फेकायचं आणि नवं घालायचं. पेनड्राइव्हमध्ये ब्राउझर होता. जुना काढला, त्याच्या फाइलींसकट काढला, मशीन बंद करून चालू केलं. अर्थात बुधवार, ९ जुलै २०१४ हजर. तारीख बदलली, नवा ब्राउझर घातला. कोरा करकरीत. एकच टॅब. दोन वाजून गेले होते.

सवयीनं हिस्टरी उघडून पाहिली. नव्या ब्राउझरमध्ये हिस्टरी रिकामी असते.

त्यात एक ओळ होती. नाव नाही, पत्ता नाही, नुसती वेळ. ९ जुलै २०१४, दुपारी ४ वाजून ४१ मिनिटं.

काय सांगू तुम्हाला, मी ती ओळ तीनदा पुसली. तीनदा आली. मग मी हिस्टरीच बंद केली आणि स्वतःला समजावलं की मागे तारीख चुकीची असताना कुठेतरी काहीतरी नोंद राहून गेली असणार. मी तर ती तारीख असताना ब्राउझर उघडलाही नव्हता, पण एवढं बारीक स्वतःशी कोण बोलतं.

फॉर्म भरायला घेतला. या वेळी नवी युक्ती. एक चौकट भरली की लगेच सेव्ह करायची, खोडायला सवडच द्यायची नाही. जमलं. धापा टाकत शेवटपर्यंत आलो आणि ओटीपीचं बटण दाबलं. दिव्यानी टेकडीकडे पळाली. चिखलातून जाऊन यायला तिला आठ मिनिटं लागली, ओटीपी पाच मिनिटांचा. ती दारात पोचली तेव्हा पडद्यावर लाल अक्षरं होती, आणि वरचा फॉर्म पुन्हा कोरा झाला होता.

दुसऱ्या वेळी पवनला मध्ये बांधावर उभं केलं. तिनं ओरडून सांगायचं, त्यानं मला ओरडून सांगायचं. पावसात काय ओरडतात कळेना. मी आकडे टाकले, चुकीचे निघाले. साइटनं खाली बारीक अक्षरांत सांगितलं, आता एकच संधी शिल्लक आहे.

माझं डोकं फिरलं. परत आलेल्या दिव्यानीवरच मी ओरडलो. म्हटलं, जोरात ओरडता येत नाही का, नर्स होणार म्हणते आणि तोंडातून आवाज निघत नाही. ती वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते, पण आवाज अजिबात नव्हता. तिला मी अडवलं नसतं, तर ती सकाळी नऊलाच माझ्या दुकानात बसून मोकळी झाली असती. हे मला माहीत होतं, म्हणून तर ओरडलो.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

६

कलाबाई आत आली. ओलं फडकं पिळावं तसा पदर पिळला आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसली.

"भाऊ, तू तिची जागा काढून घेतली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पहिलं तिचं काढ. मंग आपलं कर."

"कोणाचं, बाई?"

"सुकरीचं. माही पोरगी. इथीच बसे. साऱ्या टोल्याचे फॉर्म तिनंच भरले. आपला फॉर्म पहिल्या टॅबमंदी खुला ठेवे, अन् दुसऱ्याईचे दुसऱ्या टॅबमंदी भरे. कोणी आलं का म्हणे, तुमचा आधी, माहा कुठी पळून चालला." कलाबाई थांबली. "शेवटच्या दिवशी नऊ जण आले. नऊ जणाईचे भरले. मंग लाइन गेली, अन् तिचा राहून गेला."

"कसला फॉर्म होता?"

"हाच. नर्सिंगचा."

मी तारीख विचारली. ती म्हणाली, तारीख मले का समजते, बुधवार होता. पुढचं मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. त्याच पाणकाळ्यात ताप आला, आणि रपट्यावर आजच्यासारखंच पाणी होतं, दवाखाना गाठताच आला नाही.

"आमी नवं धान आलं का पहिला घास आधी गेलेल्या लोकायले काढतो," पवन दारातून म्हणाला. "मोहफूल पडलं तरी तसंच. पहिलं त्यायचं, मंग आपलं. तशीच ही टॅब जी. एवढे वर्षं अडलं नाई कधी. परवा बांबूवाला ठेकेदार आला होता, त्यानं घाईघाईत पहिलीतच आपलं काम केलं. तवापासून बिघडलं. तुमाले सांगा लागत होतं, पण तुमी हसले असते."

हसलो असतो, खरं आहे. सकाळी हसलोच होतो. पण आता चार वाजून वीस मिनिटं झाली होती, भिंतीकडे तोंड करून ती पोर उभी होती, आणि माझ्या बावीस वर्षांच्या ज्ञानात आता काही शिल्लक नव्हतं. मी हात टेकले. टेकले म्हणजे खरंच टेबलावर टेकले. मग ब्राउझर बंद केला आणि पुन्हा उघडला.

कोरी टॅब आली. मी तिला हात लावला नाही. काय म्हणावं कळेना, म्हणून हळूच म्हटलं, "ही तुझी, बाई." वयानं ती माझ्या पोरीएवढी असेल.

चक्र फिरायला लागलं. मी कशालाच हात लावलेला नव्हता.

शेजारी दुसरी टॅब उघडली. दिव्यानीचं नाव लिहिलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो. कलाबाईही बसली होती. अक्षरं जागेवर राहिली. वडलांचं नाव. जन्मतारीख. कॉलेज. जातीचा दाखला अपलोड झाला, एरवी त्याला दहा मिनिटं लागायची, या वेळी दोन लागली. मी भराभर लिहीत होतो आणि मला भीती वाटत नव्हती, असं नाही. वाटतच होती. मानेवर वारा लागत होता आणि खिडकी बंद होती. पण ती भीती आता पाठीमागून ढकलत होती, पुढून अडवत नव्हती.

चार वाजून चाळीस मिनिटांनी शेवटचं पान आलं. दिव्यानी चिंचेखाली, पवन बांधावर. मी ओटीपीचं बटण दाबलं.

७

पाऊस टिनावर नुसता कोसळत होता. बाहेर बांधावर पवन कानामागे हात धरून उभा होता, टेकडीवर दिव्यानीचा लाल ओढणीचा ठिपका हलत होता, आणि त्याला काहीही ऐकू येत नव्हतं हे मला इथून दिसत होतं. तो मान हलवत होता. मग तो टेकडीकडे पळाला. म्हणजे आता दोघं मिळून आठ मिनिटं. पडद्यावर उरलेला वेळ उलटा मोजला जात होता. तीन मिनिटं दहा सेकंद.

कलाबाईनं माझ्या दोन्ही मनगटांवर हात ठेवले.

खट.

या वेळी मी मान वळवली. खिडकीच्या कट्ट्यावर जुना कीबोर्ड होता, मी ठेवला होता तसाच. त्याची वायर खाली लोंबत होती, टोक जमिनीपासून वीतभर वर, कशालाही न लावलेलं. त्यावरचं चारचं बटण खाली गेलं आणि वर आलं.

पडद्यावरच्या सहा चौकटींपैकी पहिलीत चार आला.

खट. मग खट. बटणं एकेक दबत होती. घाई नाही, पण रेंगाळणंही नाही. रोजचं काम असलेल्या माणसासारखं. पाचवा आकडा टाकून बोट थांबलं. बोट म्हणतो, मला बोट दिसलं नाही. कट्ट्यावरच्या काचेवर वाफ धरली होती तेवढी मात्र दिसली, कोणीतरी काचेशी वाकून टेकडीवरचे आकडे वाचत असावं अशी. मग सहावं बटण दबलं.

माझे दोन्ही हात कलाबाईच्या हाताखाली होते. हे मी शपथेवर सांगतो.

पान बदललं. हिरवी खूण. आपली जागा निश्चित झाली आहे. वेळ ४ वाजून ४४ मिनिटं.

बऱ्याच वेळाने पवन धापा टाकत आत आला. तळहातावर पेनानं सहा आकडे लिहिले होते, पावसानं अर्धे पसरलेले. त्यानं ते वाचून दाखवले. मी म्हटलं, माहीत आहे. त्याच्या मागोमाग दिव्यानी आली, पडद्याकडे पाहिलं, आणि फाइल टेबलावर ठेवून तशीच चिखलाच्या पायांनी कलाबाईच्या गळ्यात पडली. या वेळी रडण्याचा आवाज आला. चांगला मोठा आला. मला बरं वाटलं.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या ना काका." तिला आता कशाचंच काही नव्हतं.

पावती छापायला दिली तर प्रिंटरमधून दोन कागद आले. पहिला पूर्ण कोरा. कलाबाईनं तो उचलला, चार घड्या घातल्या आणि कनवटीला लावला. दुसरी पावती दिव्यानीची. तसले प्रिंटर पहिला कागद कोरा ओढतात कधीकधी, हे मला ठाऊक आहे. पण मी ते बोललो नाही.

मला मात्र राहवेना. सगळे बाहेर ओसरीत चहाला बसले तेव्हा मी मशीन एकदा बंद करून चालू केलं. मॉनिटर गरम व्हायला वेळ लागतो. कोपऱ्यात हळूहळू अक्षरं उमटली.

गुरुवार, १० जुलै २०१४.

मी तारीख बदलली नाही. तसाच उठून बाहेर आलो आणि चहा घेतला.

८

डिसेंबरच्या शेवटी पुन्हा गेलो. दुकानात एक जुनी मेमरी पडून होती, ती लावून द्यावी म्हटलं, दोन टॅब जरा आरामात चालतील. कोणी बोलावलं नव्हतं. रपटा कोरडा होता. पवन बांबूच्या कामावर जंगलात गेला होता. दिव्यानी कॉलेजात, होस्टेलवर. तिची चिठ्ठी कलाबाईनं मला वाचायला दिली. पांढरा ड्रेस मिळाला, सुई टोचायला शिकवलं, आधी संत्र्याला टोचून पाहिली, असं सगळं त्यात होतं. कलाबाईनं संत्र्याचा भाग माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

मग तिनं कम्प्युटर चालू केला. ती रोज चालू करते, पावसात, तापात, एकही दिवस न चुकता. आम्ही दोघं मॉनिटर उजळायची वाट पाहत बसलो.

"कोणती तारीख आली, भाऊ?"

"बुधवार, १२ नोव्हेंबर २०१४."

मी मनात हिशोब लावून पाहिला. त्या ऑगस्टच्या दिवसापासून जितके दिवस झाले, तितकीच तारीख पुढे आली होती. ना एक कमी, ना एक जास्त. अकरा वर्षं जागेवर उभी असलेली तारीख आता रोज एक पाऊल चालत होती.

कलाबाई बोटांवर मोजायला लागली. "म्हणजे दिवाळी होऊन गेली सुकरीची," ती म्हणाली. "ड्रेस तं भेटला असंन तिले. संत्र्याले सुई टोचणं झालं असंन." मग माझ्याकडे पाहिलं. "आता पहिली परीक्षा येत असंन, नाई का?"

एरवी मी अशा बोलण्यावर काहीतरी फटकन बोललो असतो.

"हव बाई," मी म्हटलं. "आता जवळच आली."

तिनं मान हलवली. मी सवयीनं तारीख सुधारायला माउसला हात घातला, तर तिनं माझा हात धरला.

"थांब थोडा," ती म्हणाली. "एवढ्यात नोको बदलू. अभ्यास करून राह्यली."

मग मी हात मागे घेतला, आणि आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.